उतरून बघायला लाजू नका

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की ट्रक चालवायला मी वयाच्या ४६व्या वर्षी शिकलो, आणि त्याआधी एकवीस वर्षं गोदामात मालाची नोंद ठेवत होतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

काका, नमस्कार. माझं वय ४८. बावीस वर्षं एका छापखान्यात यंत्रावर होतो, तो छापखाना बंद पडला. मुलं अजून शिकताहेत. चारचाकी पंचवीस वर्षं चालवतोय, गाडीला कधी खरचटलंही नाही. ट्रक शिकावा असं मनात आहे. घरचे म्हणतात, या वयात हे काय भलतंच. मित्र म्हणतो, हे पोरांचं काम. खरंच उशीर झालाय का? आणि शिकायला किती दिवस लागतील?

उशीर झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला उलटं वाटायला नको.

तुमचं 'कधी खरचटलंही नाही' वाचून मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. मीही हेच सांगत गेलो होतो. पंचवीस वर्षं छोटी गाडी चालवलेला माणूस ट्रकमध्ये बसला की हात आपोआप चालायला लागतात, आणि तेच नडतं. छोट्या गाडीत पुढची चाकं आपल्या पुढे असतात. सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये आपण त्या चाकांच्या वर, कधी कधी त्यांच्याही पुढे बसतो. जुन्या सवयीने वळण घेतलं तर तोंड छान वळतं, मागची चाकं मात्र कोपरा कापत आतून येतात. त्या कोपऱ्यावर खांब असतो, नाहीतर माणूस. म्हणून आधी सरळ पुढे जायचं, तोंड चौकात पुरतं शिरू द्यायचं, मग स्टिअरिंग फिरवायचं, आणि वळण संपेपर्यंत नजर पुढे आणि आतल्या बाजूच्या आरशात आळीपाळीने ठेवायची. वाचायला सोपं आहे. माझ्या हाताला ते पटायला दोन महिने लागले.

ब्रेकचंही तसंच. छोट्या गाडीत पाय दाबला की तेलाचा दाब लगेच चाकापर्यंत पोचतो. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आणि ती हवा नळीतून मागच्या चाकांपर्यंत जायला साधारण अर्धा सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. म्हणजे ब्रेक धरायच्या आत अकरा मीटर गेलेच. डोळ्याने धोका बघून पाय पेडलवर येईपर्यंतचे मीटर त्याहून वेगळे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ती सगळी चाकाच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, याबद्दलची छोट्या गाडीतली तुमची सगळी समज इथे मोडीत काढावी लागेल.

माझा उस्ताद २९ वर्षांचा होता. तो मला 'काका' म्हणायचा, मी त्याला 'उस्ताद' म्हणायचो, आणि पहिले काही दिवस तो शब्द तोंडातून काढताना मला जड जायचं. पहिले तीन दिवस त्याने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. गाडीभोवती फिरवलं. चाकाच्या नटांवर पान्याने ठोकायला लावलं: घट्ट नट खणखणीत वाजतो, सैल नट बद्द. मागच्या जोडटायरांवर लाकडी दांडक्याने मारायला लावलं, कारण जोडीतलं आतलं टायर बसलेलं असलं तरी बाहेरचं त्याला उचलून धरतं, डोळ्याला काही दिसत नाही, आवाज मात्र बदलतो. इथे तुमच्या छापखान्याचा फायदा आहे. यंत्राचा आवाज जरासा फिरला की ज्याचे कान टवकारतात, त्याला निम्मा ट्रक आधीच येतो. मला तो कान नव्हता. मला मालाचं वजन आणि मांडणी कळत होती, तेवढंच.

चौथ्या दिवशी त्याने इंजिन बंद करून, चाकाला ठोकळे लावून ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायला सांगितलं. हवेच्या दाबाचा काटा खाली येत गेला. मग धोक्याचा बझर वाजला. आणखी दाबल्यावर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागले. 'बघा काका,' तो म्हणाला, 'हवा स्प्रिंगला दाबून धरते म्हणून चाक फिरतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकाला धरते.' हे ऐकून मी पुढे वाचायला लागलो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा नळी फुटली तर ब्रेकच जाईल अशी रचना होती. १८७२ मध्ये त्यांनी ती उलटी केली: दाब गेला की ब्रेक लागलाच पाहिजे. ट्रकमधली स्प्रिंग याच विचाराची. बझर वाजला तर 'अजून थोडं जाऊ' म्हणायचं नसतं. गाडी आपल्या मनाने मध्येच थांबायच्या आत आपण बाजूला थांबवायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात मी एका गोदामाच्या धक्क्याला गाडी मागे घेत होतो. दोन्ही आरशांत मोकळं दिसत होतं. पण गाडीच्या बरोबर मागची पट्टी कुठल्याच आरशात येत नाही. तिथे काहीतरी आहे अशी शंका मला आली होती. उतरून बघावं असं मनात आलंही होतं. धक्क्यावर पाच-सहा जण उभे होते, सगळे माझ्या मुलाच्या वयाचे. उतरलो तर म्हणतील, म्हाताऱ्याला गाडी मागे घेता येत नाही. मी उतरलो नाही. मागे लोखंडी खांब होता. खांब वाकला, फाळक्याची बिजागरी तुटली, आणि खांबापासून हातभर अंतरावर एक हमाल पाठ करून उभा होता तो उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला.

उस्ताद ओरडला नाही. त्याने मला खाली बोलावलं, तो खांब दाखवला, आणि म्हणाला, 'काका, उतरायला वीस सेकंद लागतात.' त्या रात्री मला झोप आली नाही. त्या माणसाची पाठ डोळ्यांसमोरून जाईना.

उशिरा शिकणाऱ्याला डोळे, गुडघे, कंबर यांचा त्रास असतोच, त्यावर इलाज असतात. पण आपल्याहून लहान माणसांसमोर 'मला येत नाही', 'मला दिसत नाही', 'पुन्हा सांग' म्हणायला जी जीभ अडते, त्यावर औषध नाही. वीस वर्षांचा पोरगा दिवसाला दहा वेळा चुकतो आणि हसून पुन्हा करतो. आपण एका कामात बावीस वर्षं मुरलेले असतो, चारजण आपल्याला विचारून काम करत असतात, आणि इथे आपण क्लीनरच्याही खाली असतो. हे सोसता येत असेल तर तुमच्या वयाचा माणूस पोरांपेक्षा चांगला ड्रायव्हर होतो. त्याला कुणाशी शर्यत लावायची नसते. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला तो वाट देतो. आणि घरी कोण वाट बघतंय हे त्याला एक्सलरेटरवर पाय ठेवताना आठवतं.

त्यानंतर चौदा वर्षं मी गाडी चालवली. नवीन जागी मागे घ्यायची तर आधी उतरून जागा बघितली, निम्म्यावर आल्यावर शंका आली तर पुन्हा उतरलो. शेवटची काही वर्षं शिकवतो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्याला पहिली परीक्षा हीच असते: तो न सांगता उतरतो का.

किती दिवस लागतील म्हणालात. परवान्याचे नियम तुमच्याकडचे जे असतील ते पुरे करायला जो वेळ लागेल तो लागेल. त्यानंतर निदान सहा महिने जाणत्या ड्रायव्हरबरोबर दुसरा माणूस म्हणून जा, पगार कमी मिळाला तरी. पहिलं काम ठरलेल्या रस्त्यावरचं, दिवसाचं, बंद कंटेनरचं बघा. टँकर सुरुवातीला घेऊ नका. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट: आत द्रव हलतो, ब्रेक मारला की तो पुढे येऊन गाडीला ढकलतो, वळणावर एका बाजूला जाऊन कलंडवायला बघतो. ट्रेलरही नंतर. तो मागे घेताना स्टिअरिंग उलटं चालतं आणि डोकं गोंधळतं. तेव्हासाठी एक युक्ती आत्ताच सांगून ठेवतो: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, मग ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्या. थोडं थोडं. वाकडं झालं की ओढाताण न करता पुढे घेऊन पुन्हा सरळ करा. पुढे घेण्यात कमीपणा नाही.

मी एका गृहस्थांची पत्नी आहे. आमचे हे ५१ वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी ट्रकवर लागले. काम आवडलंय, चेहरा उजळलाय. पण रात्रीच्या फेऱ्या असतात. घरी आले की दिवसा झोपतात, जोरात घोरतात, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो आणि दचकून परत घोरायला लागतात. उठले तरी डोळे जड. म्हणतात, सवय होईल. होते का सवय?

ताई, घोरताना श्वास अडकणं आणि दिवसा डोळे जड राहणं, ही दोन्ही एकत्र असतील तर सवयीची वाट बघू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि तुम्ही स्वतः बरोबर जा, कारण झोपेत काय होतं ते त्यांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू जागा करतो, पुन्हा झोप लागते, आणि असं रात्रभर चालतं. माणूस आठ तास पडून असतो पण झोपलेला नसतो. वय वाढलं, मान जाड झाली, वजन वाढलं की हे जास्त दिसतं, आणि बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांत ते पुष्कळ असतं. झोपेची तपासणी होते. उपचारही आहेत: वजन उतरवणं, पाठीवर न झोपणं, गरज लागली तर नाकातोंडावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने ते यंत्र केबिनमध्ये ठेवलं आहे. पहिल्या आठवड्यातच तो म्हणाला, दहा वर्षांनी सकाळ बघतोय.

आता रात्रीबद्दल. शरीराचं घड्याळ रात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोप मागतं. कितीही वर्षं चालवा, मागतंच. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो. आयुष्यात कधी दारूला न शिवलेला माणूसही असा दारू प्यायल्यासारखा गाडी चालवत असतो आणि त्याला ते कळत नाही.

मला कळलं नव्हतं. पन्नाशीला एक वर्ष कमी असताना, पहाटे साडेचारच्या सुमाराला मला गाडीचा खडखडाट ऐकू आला आणि डोळे उघडले. डोळे मिटले होते हेच त्या आवाजाने कळलं. चाकं रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली होती. ताशी ८० ला चार सेकंद डोळे मिटले तर गाडी जवळजवळ नव्वद मीटर जाते. त्या नव्वद मीटरमध्ये त्या रात्री कुणी नव्हतं. मी थांबलो, हात थरथरत होते, मालकाला फोन केला आणि सांगितलं की मी आता दोन तास झोपणार. तो खूप बोलला. मी ऐकून घेतलं आणि झोपलो. ते काम पुढे टिकलं नाही, दुसरं मिळालं.

तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी झोप जात नाही, थोडी लपते. उपयोगी पडते ती झोपच. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं. डोळे मिटायच्या आधी कॉफी घेतली तर तिचा असर चढायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे उठेपर्यंत ती कामाला लागते. उठल्यावर लगेच गाडी चालू करायची नाही, पाच-दहा मिनिटं खाली फिरायचं. हा तात्पुरता इलाज आहे, रात्रीच्या झोपेची भरपाई नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती बंधनकारक आहे आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. जिथे असं यंत्र नाही तिथे ही नोंद घरच्या माणसाने ठेवावी असं मला मनापासून वाटतं. 'किती वाजता पोचणार' हा प्रश्न त्यांना फोनवर विचारू नका. 'किती तास झोपलात' हे विचारा. आणि गाडी चालू असताना फोन करूच नका.

वय ५४. तीन वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. चाळिशीचा चष्मा आहेच. मला ट्रकवर घेतील का? आणि घेतलं तरी मी जावं का?

घेतील का, ते तुमच्याकडचे वैद्यकीय नियम आणि तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना खोटं सांगून मिळवलेला दाखला घेऊ नका, एवढी विनंती.

गोळ्यांत फरक असतो. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाण्याचा धोका फारसा नसतो, काहींनी असतो, इन्सुलिनने असतोच. आपली गोळी कुठल्या जातीची आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'मी अवजड वाहन चालवणार आहे' असं सांगून विचारा. साखर खाली गेली की आधी घाम येतो, हात कापतात, मग विचार गढुळतो, आणि गढुळलेल्या विचाराला वाटतं की सगळं ठीक आहे. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना सांगितलं जातं की निघायच्या आधी दोन तासांच्या आत साखर तपासा, रस्त्यात दर दोन तासांनी तपासा, आणि साखर उतरलीच तर ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका, कारण मेंदू रक्ताच्या मागून भानावर येतो. नियम त्यांचा असला तरी शरीर सगळ्यांचं सारखं आहे. ग्लुकोज सीटबेल्ट न सोडता हाताला लागेल असं ठेवा.

डोळ्यांचं सांगतो. वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर होतं, आणि साठीत पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीच्या सुमारे एक तृतीयांश राहतो. समोरून दिव्याचा झोत आला की नजर परत यायला वेळ लागतो. दिव्यांभोवती कडं दिसत असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. मधुमेहात पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच, तक्रार नसली तरी.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. लांबचं-जवळचं एकत्र असलेल्या चष्म्याच्या खालच्या भागातून केबिनची पायरी धूसर दिसते. मी त्यामुळेच एकदा घसरलो, घोटा सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. उतरताना तोंड केबिनकडे, दोन हात आणि एक पाय नाहीतर दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम धरलेले, आणि शेवटच्या पायरीवरून उडी कधीही नाही. ट्रकवर अपघात म्हणजे रस्त्यावरचाच असं लोकांना वाटतं. आमच्यातले कितीतरी जण उभ्या गाडीवरून पडून जायबंदी झाले आहेत.

बसून राहण्याचंही मनावर घ्या. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे लोक तपासले. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. तुमच्या मधुमेहालाही चालणंच हवं आहे. प्रत्येक थांब्यावर गाडीभोवती तीन फेऱ्या मारा, टायरही बघून होतील. तासन्‌तास हादरे खाल्लेल्या कमरेने उतरल्या उतरल्या वजन मात्र उचलू नका. आधी पाच-दहा मिनिटं चालून घ्या.

जावं का, या प्रश्नाला माझं उत्तर: साखर ताब्यात असेल, डॉक्टर राजी असतील, तर दिवसाच्या कामावर जा. रात्रीच्या नाही.

हातात थोडी पुंजी आहे. नोकरी करण्यापेक्षा हप्त्यावर स्वतःचाच ट्रक घेऊन सुरुवात करावी का? वय ५०.

नाही. निदान दोन वर्षं नाही. हप्ता थांबत नाही, आणि गाडी थांबते: टायरसाठी, दुरुस्तीसाठी, माल नाही म्हणून, तुम्ही आजारी आहात म्हणून. परतीचा माल मिळाला नाही तर रिकाम्या फेरीचं डिझेल खिशातून जातं. मग माणूस झोप कापून फेऱ्या वाढवतो, आणि नवशिक्या हातांनी वाढवतो. दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काम करताना एक वही ठेवा: किती किलोमीटर भरलेली गेली, किती रिकामी, किती तास नुसती उभी राहिली, काय मोडलं. ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल. पन्नाशीतली पुंजी पुन्हा साठवायला वेळ कमी असतो.

मी ४४ वर्षांची आहे. शाळेची व्हॅन चालवते. मोठा ट्रक शिकायचा आहे. सगळे विचारतात, ताकद पुरेल का? तुम्ही खरं सांगा.

ताई, स्टिअरिंगला आता ताकद लागत नाही, क्लचलाही बहुतेक गाड्यांत नाही. ताकद लागते ती ताडपत्री ओढायला, दोर आवळायला, चाकाचा नट सोडायला. नटाला लांब दांड्याचा पाना लावला की निम्मं वजन पुरतं. ताडपत्री एकट्याने ओढायची नसतेच, पुरुषांनीही नसते. बाकीच्यासाठी बंद कंटेनरचं काम बघा.

तुमच्यासाठी ताकदीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती सीट. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ टेकलेली राहिली पाहिजे, आणि मगच आरसे लावायचे. उंची कमी असेल तर गाडीच्या पुढची आणि उलट्या बाजूच्या दाराखालची न दिसणारी जागा वाढते. तिथे लहान मूल किंवा सायकलवाला पूर्ण लपतो. शिकायच्या पहिल्या दिवशी कुणाला तरी गाडीभोवती चालायला सांगा, तुम्ही सीटवर बसा, आणि तो कुठे दिसेनासा होतो ते खडूने जमिनीवर आखून घ्या. मग खाली उतरून ती आखलेली जागा बघा. मी प्रत्येक शिकाऊ माणसाकडून हे करून घेतो आणि प्रत्येक जण ती जागा बघून गप्प होतो.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईला निघायच्या आधी गाडीभोवती बघायची सवय असते, मूल मागे राहिलंय का म्हणून. ती सवय तुमच्याकडे आधीच आहे. जरूर शिका.

आता गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या आल्या आहेत. मग हाताचा गिअर शिकण्यात वेळ घालवावा का? वय ४५.

शिकून ठेवा, कारण कामावर कुठली गाडी हातात येईल ते आपण ठरवत नाही. पण सुरुवात आपोआपच्या गाडीवर केलीत तरी हरकत नाही. डोकं रस्त्यावर मोकळं राहतं. फक्त उताराचं शिक्षण सोडू नका. घाट उतरताना वेग ब्रेकने नाही, इंजिनाने धरायचा. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर घ्यायचा, इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे चाकाचे ब्रेक न वापरता वेग धरणारी सोय, असेल तर ती लावायची, आणि पायाचा ब्रेक अधूनमधून, ठाम मारून सोडायचा. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात तर ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबून गाडी धरत नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. असा माणूस शिकवायला मिळाला तर दुसरा शोधा.

पुढच्या सोमवारी माझी पहिली फेरी आहे, उस्तादाबरोबर. वय ४९. सोबत काय नेऊ?

चांगली पकड असलेले बूट, चपला नकोत. हातमोजे दोन जोड, एक ओला झाला की दुसरा. बॅटरी, म्हणजे टॉर्च, डोक्याला बांधता येणारी मिळाली तर उत्तम, कारण टायर बघताना दोन्ही हात लागतात. टायरची हवा मोजायचं गेज स्वतःचं. उजळ रंगाचं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, आणि ते सीटच्या मागे न खुपसता दाराजवळ अडकवलेलं, उतरायच्या आधी अंगात जाईल असं. औषधं चालू असतील तर दोन दिवसांची जास्त. छोटी वही, पेन.

चष्मा असेल तर दुसरा चष्मा. तो पिशवीत नको. सीटजवळच्या कप्प्यात, न बघता हाताला लागेल अशा जागी. सोमवारी निघायच्या आधी, गाडी उभी असताना, डोळे मिटून एकदा हात घालून बघा सापडतो का.